अडतीस टक्के शिल्लक आणि लॅपटॉप बंद

मे महिन्याच्या २० तारखेला दुपारी चारच्या सुमारास मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या कचेरीत बसून त्यांच्या एप्रिलच्या खरेदीची जुळणी करत होतो. जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस होता, बाहेर वळवाचे आभाळ भरून आले होते, आणि वाऱ्याची पहिली झोड उठताच अपेक्षेप्रमाणे वीज गेली. शेडमधल्या मागांचा खडखडाट थांबला. कचेरीतला इन्व्हर्टर दिवे आणि पंख्यापुरताच जोडलेला असल्यामुळे कारखान्याच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, दारातून डोकावून विचारले, "साहेब, तुमचं चालतंय की अजून?" मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. तेथे ३८ टक्के दिसत होते, म्हणून मी त्यांना निश्चिंतपणे सांगितले की तासभर तरी काळजी नाही. त्यानंतर तीन मिनिटांच्या आत, कोणतीही सूचना न देता, लॅपटॉप काळा पडला.

नुकसान फार झाले नाही. एक्सेलने आपणहून जपलेली दहा मिनिटांपूर्वीची प्रत मिळाली आणि विवरणपत्र रात्री जुळे सोलापुरातल्या घरून मुदतीत भरले. परंतु ज्या आकड्यावर विसंबून मी अण्णांना तासाभराची हमी दिली, तो आकडा नेमका कशाचा होता हा प्रश्न डोक्यातून जाईना. आयुष्य टक्केवारीतच गेलेल्या माणसाने 'टक्के कशाचे?' हे विचारू नये, याची मला थोडी शरमही वाटली.

लॅपटॉपवर दिसणारी टक्केवारी ही बॅटरीच्या मूळ क्षमतेची नसते. त्या दिवशी बॅटरीत जास्तीत जास्त जेवढे मावू शकते, त्याची ती टक्केवारी असते, आणि ते 'जास्तीत जास्त' दर महिन्याला थोडे थोडे आकसत जाते. आमच्या व्यवसायातल्या वाचकांना हे घसाऱ्याच्या भाषेत लगेच समजेल. आयकराच्या हिशेबात संगणकावर घटत्या शिलकेच्या पद्धतीने ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे दरवर्षी टक्के तेच राहतात पण ज्या रकमेवर ते लावायचे ती रकमच लहान होत जाते. बॅटरीचे १०० टक्के असेच असतात. नव्या लॅपटॉपचे १०० आणि चार वर्षांच्या लॅपटॉपचे १०० हे पडद्यावर अगदी सारखे दिसतात, आणि पडदा त्यांतला फरक सांगत नाही. विंडोज ७ मध्ये निदान बॅटरीच्या चित्रावर लाल फुली येऊन 'बॅटरी बदलण्याचा विचार करा' असा इशारा मिळत असे. पुढच्या आवृत्त्यांत तो का काढून टाकला, हे मला आजही पटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटरीचा अहवाल काढला. विंडोज ८ पासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये ही सोय आहे आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. स्टार्टमध्ये 'सीएमडी' असे लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, त्यात इंग्रजीतून 'पॉवरसीएफजी' लिहायचे, एक जागा सोडायची, उजवीकडे झुकणारी तिरपी रेघ द्यायची आणि तिला चिकटूनच 'बॅटरीरिपोर्ट' हा जोडशब्द लिहून एंटर दाबायचे. ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल तयार होते आणि ती कोठे ठेवली आहे हेही तेथेच लिहून येते. त्या लांबलचक अहवालातल्या दोन ओळी ताळेबंदासारख्या शेजारी ठेवून वाचायच्या असतात. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघताना ठरलेली क्षमता, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारी क्षमता. दोन्ही आकडे मिलिवॉट-तासांत, म्हणजे वॉट-तासाच्या हजाराव्या भागांत, असतात. माझा लॅपटॉप २०२१ च्या दिवाळीत घेतलेला. त्याची पहिली ओळ सांगत होती ४१,९९० आणि दुसरी २३,११०. भागाकार केल्यावर उत्तर आले ५५ टक्के. माझ्या कामाला हे यंत्र सरासरी ९ वॉट खाते असे धरले, तर नव्या बॅटरीवर जेथे साडेचार तासांहून थोडे अधिक काम व्हायचे, तेथे आता कागदोपत्री अडीच तास उरले होते.

अहवालात 'सायकल काउंट' नावाची आणखी एक ओळ असते, जी काही लॅपटॉपांवर रिकामीच दिसते. माझ्या बाबतीत तेथे ६११ होते. एक आवर्तन म्हणजे चार्जर एकदा लावून काढणे नव्हे, तर एकूण १०० टक्के वापर होणे. आज ५० आणि उद्या ५० टक्के उतरवली तर दोन दिवसांचे मिळून एक आवर्तन होते. सर्वसाधारण लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास याव्यात अशी अपेक्षा असते. अ‍ॅपलच्या अलीकडच्या लॅपटॉपांसाठी हाच आकडा १,००० सांगितला जातो, आणि त्यांत बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'नॉर्मल' किंवा 'सर्व्हिस रेकमेंडेड' असा सरळ शेरा मिळत असल्यामुळे मॅकवाल्यांना ही आकडेमोड करावीच लागत नाही.

तरीही एक हिशेब जुळत नव्हता. उरलेल्या २३,११० चे ३८ टक्के म्हणजे सुमारे ८,८००, आणि तेवढ्यात ९ वॉटच्या हिशेबाने पाऊण तासाहून अधिक वेळ निघायला हवा होता. तीन मिनिटे नव्हे. याचे कारण केवळ क्षमतेत नाही, हे मला नंतर उमगले. लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्ट दाब देतो, काही नव्या सेलांत थोडा अधिक, आणि तो ३ व्होल्टच्या आसपास उतरला की बॅटरीतले नियंत्रक सर्किट सेल वाचवण्यासाठी पुरवठा तोडते. बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला आतला अडथळा, वाढतो. यंत्राने संथपणे थोडी वीज घेतली तर निभावते. पण एकदम मोठी मागणी झाली की दाब झपकन खाली कोसळतो आणि नियंत्रकाला वाटते की बॅटरी संपली. वीज गेली त्या क्षणी मी काही हजार बिलांच्या दोन याद्या सूत्र लावून एकमेकींशी जुळवायला दिल्या होत्या, पंखा घरघरत होता आणि प्रोसेसर पूर्ण जोरात चालला होता. टाकीत पाणी होते, पण नळ एकदम पूर्ण सोडल्यावर ते पोहोचवण्याची ताकद राहिलेली नव्हती. सोलापुरात उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्याचा दाब ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

म्हणून माझ्या मते क्षमता ७० टक्क्यांवर आली की ६० वर, यापेक्षा २०-३०-४० टक्के दिसत असताना यंत्र बंद पडते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हे तपासण्यासाठी मी रविवारी वहीत नोंदी केल्या. पूर्ण चार्ज करून चार्जर काढला, पडद्याचा उजेड एकाच पातळीवर ठेवला, नेहमीचे काम चालू ठेवले आणि दर १५ मिनिटांनी टक्केवारी लिहिली. सुरुवातीला ती १००, ९१, ८३, ७४, ६६ अशी समजूतदारपणे उतरत गेली. त्यानंतरच्या नोंदीला एकदम ४७ झाले आणि पुढच्या नोंदीची वेळ येण्यापूर्वीच लॅपटॉप बंद पडला. लगेच चार्जर लावून तो सुरू केला तेव्हा पडदा ३१ टक्के सांगत होता. ज्या बॅटरीच्या उताराला अशी कडेलोटाची जागा तयार झाली आहे, ती बदलायला झाली असे खुशाल समजावे.

येथे एक चूक कबूल केली पाहिजे. ही चाचणी करण्यापूर्वी मी लॅपटॉप उलटा करून पाहायला हवा होता, तो पाहिला नाही. चाचणी संपल्यावर वही बाजूला ठेवताना टेबलाला धक्का लागला आणि लॅपटॉप तीन पायांच्या स्टुलासारखा डुगडुगला. सपाट काचेवर ठेवून पाहिले तर खालचे झाकण मध्यभागी किंचित वर आले होते, आणि समोरच्या कडेला, टचपॅडच्या खाली, झाकणाच्या फटीत पोस्टकार्ड सहज आत सरकत होते. टचपॅडचा उजवा कोपरा मार्चपासून दाबला जात नव्हता, हे तेव्हा आठवले. दोन महिने मी समजत होतो की मागाच्या शेडमधले कापसाचे तंतू आत गेले असावेत, आणि त्यावर उपाय म्हणून कोपऱ्यात फुंकर मारत होतो. प्रत्यक्षात खालची बॅटरी फुगून टचपॅडला आतून वर रेटत होती. सेलमधले द्रव विघटित होऊन जो वायू तयार होतो, त्याला बंद पाकिटातून बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पाकीट उशीसारखे फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा बसत नाही, आणि तिच्या बाबतीत टक्के, आवर्तने, अहवाल असले काहीच पाहायचे नसते: लॅपटॉप बंद करायचा, चार्जर लावायचा नाही, आणि झाकणावर हाताने दाब देऊन ते 'बसवून' पाहण्याचा मोह टाळायचा. तशा बॅटरीवर मी पूर्ण चार्ज करून चाचणी केली, ती तुम्ही करू नये.

मागे वळून पाहताना आणखी एका लक्षणाने मला फसवले होते, आणि त्याबद्दल मी चक्क खूश होतो. सुरुवातीला ज्या लॅपटॉपला पूर्ण चार्ज व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागायचा, तो या वर्षी तासा-सव्वा तासात १०० दाखवू लागला होता. मी घरात सांगितलेही, की हल्ली किती लवकर चार्ज होतो. बायको म्हणाली, "अहो, तुमचा जुना डबा लहान झाला असेल, म्हणून लवकर भरत असेल." तेव्हा मी हसलो होतो.

आता उलट बाजू. बॅटरी ठीक असताना तिच्यावर आळ येण्याचे प्रसंगही पुष्कळ असतात. माझ्या भाच्याचा लॅपटॉप ६० टक्क्यांच्या वर चार्जच होत नव्हता आणि त्याने मला फोन करून सांगितले, "मामा, बॅटरी गेली." गेली नव्हती. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून चार्ज ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्या देतात, आणि ती त्याच्याच हातून कधीतरी चालू झालेली होती. चार्जरची पिन सैल होणे, वायर मुळाशी तुटणे, किंवा मूळ चार्जरपेक्षा कमी वॉटचा चार्जर लावणे, यांतही 'जोडलेले आहे, चार्ज होत नाही' असाच संदेश येऊ शकतो. म्हणून त्याच प्रकारचा दुसरा चार्जर शेजाऱ्याकडून आणून पाहण्यात कमीपणा नाही. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर तारीख आणि वेळ चुकत असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलचा असतो, जो फारच स्वस्तात बदलून मिळतो. वर्षानुवर्षे टेबलावर चार्जर लावून ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये टक्केवारी मोजणारे सर्किटच अंदाज चुकवू लागते. अशा वेळी, बॅटरी फुगलेली नाही याची खात्री करून, एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरली की मोजणी ताळ्यावर येते. त्याने आकडा खरा होतो, क्षमता मात्र परत येत नाही. आणि हे एकदाच करावे. 'बॅटरी शून्यावर आल्याशिवाय चार्जिंगला लावू नये' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयनला तो लागू पडत नाही, उलट तिला शून्य सोसत नाही.

तिला त्याहून कमी सोसते ती उष्णता, आणि येथे आपले गाव आडवे येते. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश, वरच्या मजल्याची स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेली, आणि लॅपटॉपला दिवसभर चार्जर लावलेला. लिथियम-आयन सेल सर्वसाधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असे मानतात. आपल्याकडे बाहेरची हवाच त्या मर्यादेच्या दोन पावले अलीकडे असते, मग यंत्राच्या पोटात काय होत असेल? पूर्ण भरलेला सेल गरम राहिला की आतल्या इलेक्ट्रोडवरचा थर जाडावत जातो, त्यात लिथियम अडकून पडते, क्षमता घटते आणि रोध वाढतो. पार्क चौकात गाडी उन्हात लावून, लॅपटॉप डिकीत ठेवून मी कितीतरी दुपारी पक्षकारांकडे बसलो आहे. शिवाय टॉवेलच्या कारखान्यांत हिंडल्यामुळे लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीवर कापसाची लव साचत राहिली आणि आतली गरम हवा बाहेर पडेना. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती उरले हे आपण झाकणावरच्या तरंगत्या खुणेवरून पाहतो आणि डिस्टिल्ड वॉटर आणून घालतो. येथे तशी खूण नाही आणि घालायलाही काही नाही, म्हणूनच तो अहवाल अधूनमधून काढावा लागतो.

नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप नेला तेव्हा त्या तरुण कारागिराने तो सुरूसुद्धा केला नाही. काचेवर ठेवून एका बोटाने हलवला आणि म्हणाला, "सर, चार्जिंगला लावला नाही ना आज?" स्क्रू काढल्यावर झाकण त्याच्या हातात आपणहून आले. आत तीन सपाट चंदेरी पाकिटे शेजारीशेजारी होती. त्यांतली दोन तळहाताएवढी सपाट, आणि उजवीकडचे गरम पुरीसारखे टम्म. त्याने आधी बॅटरीची जोडणी काढली आणि मग धातूचे पाते बाजूला ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने, एका कडेने सावकाश, ती सोडवली. पाकिटाला भोक पडले तर आतला भाग पेट घेऊ शकतो, म्हणून ही सावधगिरी असते. पंख्याच्या जाळीतून त्याने काढलेली लव दाखवली ती पांढऱ्या वातीसारखी होती, अगदी निरांजनात लावता आली असती.

नव्या बॅटरीच्या बाबतीत मी एकदा पोळलेलो आहे. आधीच्या लॅपटॉपला ऑनलाइन मिळालेली अर्ध्या किमतीची बॅटरी बसवली होती, जिचा अहवाल पहिल्या दिवशी निर्दोष होता आणि जी प्रत्यक्षात दीड तासही चालत नव्हती. नियंत्रक चिपमध्ये लिहिलेला आकडा आणि सेलमधला माल यांचा संबंध असतोच असे नाही. म्हणून या वेळी लॅपटॉपच्या कंपनीच्या नावाची, तोच पार्ट नंबर असलेली बॅटरी मागवली, आणि पाकीट फोडण्यापूर्वी तिच्यावरची निर्मितीची तारीख वाचली, कारण दोन-तीन वर्षे फळीवर पडून राहिलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते. ती येईपर्यंत चार दिवस लॅपटॉप बॅटरी काढूनच, नुसत्या चार्जरवर चालवला. सगळी मॉडेले असे चालत नाहीत, माझे चालले. जुनी बॅटरी दुकानातच ठेवली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. घंटागाडीच्या दाबयंत्रात फुगलेली लिथियम बॅटरी चिरडली गेली तर काय होईल, याची कल्पना केली तरी पुरे.

नव्या बॅटरीचा पहिला अहवाल ४१,९९० च्या पुढे ४२,५६० असा आला. ताज्या सेलांत ठरल्यापेक्षा थोडे जास्त मावते, त्यामुळे त्यात हरखून जाण्यासारखे काही नाही. चार्ज आता ८० टक्क्यांवर थांबवला आहे, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेचा आकडा एका पत्रकात लिहून ठेवतो.

जूनच्या कामासाठी कारखान्यात गेलो तेव्हा अण्णांनी त्यांच्या कचेरीतला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "माझा पण बघा की साहेब, बदलायला झालाय का?" उलटा करून काचेवर ठेवला, डुगडुगला नाही. टचपॅडचे चारही कोपरे दाबले जात होते. अहवालात ७१ टक्के निघाले. आणि हे यंत्र बारा महिने एकाच टेबलावर, चार्जरला जोडलेले. मी त्यांना सांगितले की दिवाळीपर्यंत तरी खर्च करू नका, फक्त पश्चिमेच्या खिडकीखालून टेबल हलवा. त्यांनी दोन पोरांना हाक मारली आणि मी तेथे असतानाच टेबल भिंतीकडे सरकवून घेतले.